फॅनफिकमध्ये लेखकाचं स्वतःचं नक्की काय असतं?

कोरा कागद

फॅनफिकचा, म्हणजे आवडत्या कलाकृतीतली पात्रं आणि जग घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथांचा, विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. 'पात्रं उसनी, जग उसनं, मग लेखकाचं त्यात राहिलं काय?' आणि 'वर डिस्क्लेमर टाकलाय ना, मग झालं.' दोन्ही वाक्यांत तीन निरनिराळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधलेले असतात. लिहिलेल्यात नवं किती, हा एक. कुणाकडून घेतलं ते सांगितलं का, हा दुसरा. घ्यायची परवानगी होती का, हा तिसरा. एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. श्रेय दिलं म्हणून परवानगी मिळत नाही, परवानगी असली म्हणून कथा नवी होत नाही, आणि कथा कितीही नवी असली तरी दुसऱ्या फॅनलेखकाचा परिच्छेद न सांगता उचलला तर ती चोरीच.

या धाग्यावर तत्त्वचर्चा कमी आणि प्रत्यक्ष लिहिताना कामी येईल असं जास्त हवंय. मूळ प्रसंग पुन्हा लिहिताना संवाद किती घ्यावेत? दुसऱ्याच्या फॅनफिकमधली कल्पना वापरायची तर कशी? नावं बदलून पुस्तक काढायचं असेल तर काय काय बदलावं लागतं? जाणकारांनी लिहा.

निळी शाई

मूळ प्रसंग पुन्हा लिहिताना किती घ्यावं, या पहिल्या प्रश्नापुरतं लिहिते.

प्रसंग लिहून झाला की त्याची वेगळी प्रत करून तीन रंगांनी रंगवा. मूळ कलाकृतीतून शब्दशः आलेलं ते लाल: संवाद, निवेदनातली वाक्यं. मूळमधली माहिती, पण तुमच्या शब्दांत, ती पिवळी: कोण कुठं उभं होतं, कुणाचा हात मोडला होता. बाकीचं कोरं ठेवा. लाल सलग दोन परिच्छेदांत दिसलं की तिथं कथा थांबलेली असते आणि उतारा चाललेला असतो. (हा हिशेब कायद्याचा नाही, लिहिणाऱ्याच्या हाताचा आहे.) पण खरा घोटाळा पिवळ्यात होतो. एपिसोड पॉज करून लिहिलं की 'तो उठला, वळला, दारापाशी थांबला' अशी पडद्यावरची हालचाल जशीच्या तशी कागदावर येते. शब्द आपले असतात, म्हणून आपल्याला ते नवं वाटतं. वाचणाऱ्याला मात्र पाहिलेलंच पुन्हा दाखवलं जातं, तेही कमी चांगल्या प्रतीचं.

उदाहरण घेऊ. समजा मूळ मालिकेत वादळी रात्री जहाजावरची डॉक्टर होडीतून निघून जाते आणि कप्तान म्हणतो, 'परत आलीस तर घंटा वाजव.' यावर हे दोन मसुदे बघा.

पहिला: *'परत आलीस तर घंटा वाजव,' कप्तान म्हणाला. तिनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. होडी हळूहळू अंधारात दिसेनाशी झाली.*

दुसरा: *घंटेचा दोर खालच्या टोकाला कुजला होता. खलाशानं सकाळीच पाहिलं होतं, बदलायचं राहून गेलं होतं. आता कप्तान तिला घंटेचं सांगत होता आणि खलाशी दोराकडे बघत होता. कुणी ओढला असता तर तो हातात आला असता.*

पहिल्यात पहिलं वाक्य लाल, उरलेली पिवळी. कोरं जवळपास शून्य. दुसऱ्यात कप्तानाचा संवाद अवतरणात नाहीच, कारण वाचकाला तो पाठ आहे. नवी वस्तुस्थिती एकच, कुजलेला दोर. पण तिच्यामुळे मूळ प्रसंगातल्या वचनाचा अर्थ पालटतो. मूळमधलं एक अक्षर न खोडता. फॅनफिकमधला नवेपणा मोजायचा तर मी इथं मोजते: हे वाचल्यावर मूळ प्रसंग पुन्हा पाहिला तर तो वेगळा दिसतो का?

करायचं असं. मूळ प्रसंग एकदा नीट बघा, बंद करा, मसुदा दुसऱ्या दिवशी आठवणीतून लिहा. मग पुन्हा मूळ उघडायचं ते फक्त तपशील पडताळायला. आठवणीत जे उरलं नाही ते तुमच्या कथेला बहुधा नकोच होतं. आणि गाजलेला संवाद टाळता येत नसेल तर प्रसंग त्या संवादानंतरच्या श्वासावर सुरू करा.

उपकथा

निळी शाई, रंगांची युक्ती मस्त, पण शेवटच्या कसोटीशी पूर्ण सहमत नाही. प्रत्येक फॅनफिकनं मूळचा अर्थ पालटलाच पाहिजे असं नाही. ड्रॅबल घ्या, मोजून १०० शब्द. त्यात लेखक कधीकधी एकच क्षण ताणून दाखवतो, उलटापालट काही नसते. तिथं कारागिरी निवडीत असते: हजार क्षणांतला हाच का, आणि १०० शब्दांत काय गाळलं. ओवी-अभंगाचा छंद ठरलेला असतो म्हणून कवीला कुणी उसनवार म्हणत नाही.

दुखणं आहे ते वेगळ्या जागी. लेखक मूळ कथानकात आपलं एक नवं पात्र सोडतो आणि मग तेच पात्र मूळ नायिकेचे संवाद बोलतं, तिचे पराक्रम करतं, तिच्या जागी उभं राहतं. कथानक इंचभरही हलत नाही. अशा पात्राला 'मेरी सू' म्हणतात. हा शब्द १९७३ सालच्या एका विडंबनकथेतून आला. त्यानंतर त्या पात्राच्या परिपूर्णपणावरच इतकं बोललं गेलं की मूळ खोट बाजूला पडली. पात्र परिपूर्ण असण्यानं तितकं बिघडत नाही, ते आल्यानं कथेत काहीच बदलत नाही यानं बिघडतं. तपासायचं असेल तर नवं पात्र ज्या पहिल्या निर्णयाच्या वेळी हजर आहे तिथं थांबा. तो निर्णय मूळसारखाच लागला तर का लागला, याचं उत्तर कथेत हवं. नसेल तर ते पात्र नुसती खुर्ची अडवून बसलंय.

अवांतर: आपल्याकडे दुसऱ्याच्या ग्रंथात आपलं मिसळण्यावरची भांडणं जुनी आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावलं की यापुढे जो यात आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असं समजावं. त्यांचा राग लिहिण्यावर नव्हता, त्यांनी स्वतः रग्गड लिहिलं. राग होता तो आपलं लिहून ते ज्ञानेश्वरांच्या नावावर खपवण्यावर. वाङ्मयचौर्याच्या बरोबर उलटी चाल. फॅनफिक यातलं काहीच करत नाही, मूळ कुणाचं आणि भर कुणाची हे पहिल्या ओळीतच सांगून टाकतं. क्षेपकात, म्हणजे ग्रंथात मागाहून घुसवलेल्या मजकुरात, आणि फॅनफिकमध्ये हा फरक आहे.

कोरा कागद

नरोटीवाला दाखला भारी. आता कायद्याचं कुणीतरी घ्या.

तळटीप

घेतो. आधी गैरसमज.

'मालकी माझी नाही, हेतू नफ्याचा नाही' हा डिस्क्लेमर कायद्यात ढाल म्हणून चालत नाही. मालकी माझी नाही असं लिहिणं म्हणजे दुसऱ्याची आहे हे माहीत असल्याची कबुली. सौजन्य म्हणून जरूर लिहा, चिलखत समजू नका. पैसे न घेणं हीदेखील पूर्ण सुटका नाही. अमेरिकी 'फेअर यूज'मध्ये, म्हणजे परवानगीशिवायही चालणाऱ्या रास्त वापरात, चार निकष आहेत: वापराचा हेतू व स्वरूप, मूळ कृतीचं स्वरूप, किती आणि कोणता भाग घेतला, मूळच्या बाजारावर परिणाम. विनामूल्य असणं पहिल्यात मदत करतं, चौथ्यातही थोडी. बस.

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये 'फेअर डीलिंग'ची, म्हणजे तसल्याच रास्त वापराची, कारणं नावानिशी दिली आहेत: खासगी वापर व संशोधन, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. फॅनफिक हा शब्द तिथं नाही. म्हणून जी कथा मूळवर भाष्य करते ती त्यातल्या त्यात सुरक्षित जागी उभी असते. इथं केरळ उच्च न्यायालयाचा १९९६ चा सिविक चंद्रन खटला वाचण्यासारखा आहे. एका गाजलेल्या मल्याळम राजकीय नाटकाला उत्तर म्हणून प्रतिनाटक लिहिलं गेलं, त्यात मूळची पात्रं आणि संवाद घेतले होते. न्यायालयानं प्रयोग रोखला नाही. पाहिलं ते असं: घेतलेला भाग टीकेच्या मानानं किती, घेण्यामागचा हेतू काय, आणि दोन्ही नाटकं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतात का. निळी शाई यांची 'मूळ वेगळं दिसतं का' ही कसोटी साहित्याची आहे, पण ती इथल्या पहिल्या दोन मुद्द्यांच्या बरीच जवळ जाते.

कल्पना आणि मांडणी यांतला फरकही पक्का करून घ्या. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सांगितलं की कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कॉपीराइट नसतो. मांडणीवर असतो. नाटक आणि चित्रपट दोन्ही प्रांतवादावर होते, तरी मांडणी वेगळी म्हणून उल्लंघन ठरलं नाही. पात्रांचं मात्र वेगळं आहे. १९३० च्या निकोल्स खटल्यात अमेरिकी न्यायालयानं मांडलेलं सूत्र असं की पात्र जितकं ढोबळ तितकं त्याला संरक्षण कमी. 'चिडका म्हातारा डॉक्टर' कुणाचाच नसतो. त्याला नाव, लकबी, इतिहास, बोलण्याची धाटणी चिकटली की तो कुणाचा तरी होतो.

आणि आता फॅनलेखकांना सहसा न सांगितलं जाणारं. परवानगीशिवाय लिहिलेल्या कथेत तुमचा स्वतःचा भाग तरी तुमचा असतो का? अमेरिकेत उत्तर कडू आहे. १९८९ चा अँडरसन विरुद्ध स्टॅलोन खटला: गाजलेल्या बॉक्सिंगपटाच्या चौथ्या भागासाठी एका लेखकानं आपणहून ३१ पानांचा आराखडा लिहिला. पुढे आपलंच वापरलं म्हणून दावा लावला आणि हरला. पात्रं परवानगीशिवाय कथेच्या केंद्रस्थानी होती, म्हणून सबंध आराखड्यालाच संरक्षण नाकारलं गेलं. 'त्यांनी माझी फॅनफिक चोरली' असं म्हणत मूळ मालकावर धावून जाण्याआधी हे लक्षात ठेवा. अर्थात फेअर यूजमध्ये बसणारी कथा 'बेकायदा वापर' ठरत नाही, त्यामुळे तिच्यातला नवा भाग तुमचा म्हणायला जागा राहते.

उलट बाजूही आहे. कलम ५७ मुळे भारतात मूळ लेखकाला हक्क विकल्यानंतरही दोन गोष्टी मागता येतात: कृती माझी आहे असं म्हणणं, आणि मानहानी होईल अशा मोडतोडीला हरकत घेणं.

निळी शाई

तळटीप, कॉपीराइटची मुदत संपलेल्या पात्रांचं काय? लोक सर्रास गृहीत धरतात की जुनं म्हणजे मोकळं.

तळटीप

जुनं म्हणजे मोकळं, पण तितकंच जितकं जुनं. शेरलॉक होम्सचं उदाहरण सरळ आहे. अमेरिकी अपील न्यायालयानं २०१४ मध्ये म्हटलं की मुदत संपलेल्या कथांतला होम्स सगळ्यांचा, पण तेव्हा संरक्षणात असलेल्या शेवटच्या दहा कथांत जी भर पडली ती नाही. १ जानेवारी २०२३ ला तिथं उरलेल्या कथाही मोकळ्या झाल्या. पण नव्या मालिकांनी जोडलेले संवाद, नवी पात्रं, नवी नाती त्या मालिकांचीच. तेव्हा कामाची पद्धत: मूळ छापील कथा समोर ठेवा, आणि प्रत्येक लकबीपुढे ती कोणत्या कथेत आहे ते लिहा. जिच्यापुढे कथा सापडत नाही ती लकब पडद्यावरून आलेली असते. मुदत देशागणिक बदलते, भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं.

समास

मी दुसरा प्रश्न घेते, फॅनलेखकानं फॅनलेखकाचं घेण्याचा. भांडणं सगळ्यांत जास्त इथंच.

अनेकांना वाटतं कॅननमध्ये, म्हणजे मूळ कलाकृतीत, आहे ते सगळं सामायिक. खरं आहे. पण कॅनन आणि फॅनन (चाहत्यांनी घातलेली आणि पुढे सर्रास रुळलेली भर) यांची गल्लत होते. पात्राच्या बहिणीचं नाव मूळमध्ये कुठंच नाही, तरी पन्नास कथांत एकच नाव दिसतं, म्हणजे ते कुणीतरी पहिल्यांदा दिलेलं आहे. दहा जणांनी वापरलं म्हणजे फॅनन झालं, चालतं. एकाच कथेत असेल तर विचारा. विचारायला दोन ओळी लागतात.

पूर्वाश्रमीचे कट्टर शत्रू, एकच खोली, एकच पलंग, असले साचे कुणाच्या बापाचे नाहीत. 'साचा + ठरावीक क्रमानं घडणारे पाच प्रसंग + तोच शेवट' एवढं मिळून आलं तर मात्र त्याला योगायोग म्हणू नका.

नावं बदलून केलेली चोरी मराठीत ओळखायला सोपी, याचं श्रेय आपल्या व्याकरणाला. इंग्रजीत सर्वनामं बदलली की बरंचसं काम होतं. मराठीत जोडीतला एक पुरुष बदलून बाई केली की क्रियापदं, विशेषणं, धातुसाधितं सगळी बदलावी लागतात, आणि शोधा-बदला करणाऱ्याला ती सगळी सापडत नाहीत. मग मधेच 'ती दमलेला आवाजात म्हणाला' असलं काहीतरी उरतं. 'दमलेल्या आवाजात' हे बरोबर रूपही त्या घाईत मोडलेलं असतं. लेखकाची सरसकट शुद्धलेखनाची चूक वेगळी दिसते, ती सगळीकडे सारखी असते. शोधा-बदलाची चूक फक्त त्या एका पात्राच्या वाक्यांत येते. डोळ्यांचा रंग, उंची, डावखुरेपणा याही जागा तपासा.

तक्रार करायची तर आधी दोन रकान्यांचा तक्ता: डावीकडे मूळ वाक्य, प्रकरण, तारीख, उजवीकडे उचललेलं. आठ-दहा ठळक जोड्या पुरतात, साठ जोड्या कुणी वाचत नाही. दोन्ही पानं वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या तारखेनिशी प्रती ठेवणारं संकेतस्थळ) जतन करा, मगच पहिला निरोप पाठवा. कारण निरोप पोचला की प्रकरण संपादित होतं आणि तारखेचा पुरावा जातो. तक्त्यातून साचे आणि कॅननचे संवाद काढून टाका. एक फुसकी जोडी असली की समोरचा तिच्यावरच बोट ठेवतो. जाहीर धिंडवडे शेवटी, खरं तर नकोच. माणसं तुटून पडतात आणि मुद्दा राहतो बाजूला.

उलट दिशेनं, म्हणजे आपण घेतलं असेल तर. आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनफिकच्या ऑनलाइन संग्रहावर, म्हणजे एओथ्रीवर, दुसऱ्या कथेवरून प्रेरित असल्याची आणि भाषांतर असल्याची नोंद करायची सोय आहे, ती वापरा. कथेसोबतच्या सूचनेत नुसतं 'अमुकवरून प्रेरित' लिहू नका. काय घेतलं ते लिहा: 'दीपगृहाची कल्पना आणि बहिणीचं नाव त्यांचं, पुढचं माझं.' भाषांतराला आधी परवानगी. काही लेखकांनी प्रोफाइलवर सरसकट परवानगी दिलेली असते. ती भाषांतराला आहे की फक्त ऑडिओ वाचनाला, हे वाचून घ्या.

उपकथा

+१. एओथ्रीवरून आठवलं. २०१९ मध्ये त्या संकेतस्थळाला ह्युगो हा विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या जगातला पुरस्कार मिळाला तेव्हा अनेक फॅनलेखकांनी हौसेनं 'आम्ही ह्युगो विजेते' लावलं, आणि पुरस्कारवाल्यांना सांगावं लागलं की पुरस्कार संग्रहाला आहे, त्यातल्या एकेका कथेला नाही. लेखकत्वाचा गुंता किती खोल जातो बघा. हलके घ्या.

पूर्णविराम

तिसरा प्रश्न. नावं बदलून पुस्तक.

नावं बदलणं हे एकूण कामाच्या दहाव्या हिश्शाचंही नाही. फॅनफिकचा वाचक पात्रांवर जीव लावूनच येतो, त्यामुळे पहिल्या तीन प्रकरणांत लेखकानं ते काम केलेलंच नसतं. नाव काढलं की तिथं भोक दिसतं. 'त्यानं नेहमीसारखी भुवई उंचावली.' नेहमीसारखी म्हणजे कशी? नव्या वाचकाला ही पहिलीच भुवई.

क्रम असा ठेवा. सबंध मसुदा वाचून जिथं वाचकाची आधीची ओळख गृहीत धरली आहे तिथं खूण करा. 'नेहमीसारखा', 'त्या रात्रीनंतर', 'ते प्रकरण' असे शब्द शोधून काढले तरी निम्म्या जागा मिळतात. प्रत्येक खुणेला तीनच उपाय: नवा प्रसंग लिहून ती ओळख कमवा, वाक्य काढून टाका, किंवा गृहीतकच बदला. मग पात्रांचा भूतकाळ मुळातून नवा करा, आणि तो नवा झाल्यावर पात्र जुनेच निर्णय घेतंय का ते बघा. घेत असेल तर भूतकाळ नुसता रंगवला आहे. जगाचे नियम, संस्था, जादूची किंवा तंत्राची पद्धत हे सगळ्यांत शेवटी, कारण भूतकाळ बदलला की त्यातलं बरंचसं आपोआप गळून पडतं. जे लोक उलट क्रमानं करतात, आधी जग बदलतात, ते दोनदा लिहितात.

एयू, म्हणजे मूळ पात्रं साफ वेगळ्या जगात टाकलेल्या कथा, या कामाला सोप्या. मूळ कथानकाला चिकटून लिहिलेल्या कथांत हे करू नका. दोन-तृतीयांश मजकूर जातो, उरलेल्यातून नवीच कादंबरी लिहिणं कमी कष्टाचं.

कागदोपत्री: बीटा वाचकानं (प्रसिद्धीआधी मसुदा वाचून सूचना देणाऱ्यानं) लिहून दिलेले परिच्छेद, रोलप्लेमध्ये (एकेक पात्र वाटून घेऊन मिळून लिहिण्यात) दुसऱ्यानं चालवलेलं पात्र, भेट म्हणून आलेलं चित्र, यांतलं काहीही लेखी संमतीशिवाय पुस्तकात जाणार नाही. रोलप्लेच्या कथा इथं हमखास अडकतात, कारण संवादाची एक बाजू सरळसरळ दुसऱ्याची असते. प्रकाशकाला आधीच सांगा की हे ऑनलाइन होतं. ऑनलाइनवरून उतरवलं तरी वाचकांनी डाउनलोड केलेल्या प्रती फिरत राहतात, तेव्हा लपवून उपयोग नाही.

मूळ मालकाच्या परवानगीनं विकायचा रस्ताही एकदा काढला गेला होता. ॲमेझॉनचं किंडल वर्ल्ड्स, २०१३ ते २०१८. तिथं अट अशी होती की तुम्ही घातलेली नवी पात्रं आणि घटना मूळ जगाच्या मालकाला वेगळा मोबदला न देता वापरता येतील. असा करार समोर आला तर मानधनाच्या आकड्याआधी ते कलम वाचा.

कोरा कागद

बीटाचा मुद्दा जरा उलगडाल का? बीटानं शेवट सुचवला आणि तोच ठेवला, तर ती सहलेखक का?

समास

शेवट *सुचवला* तर आभार, शेवट *लिहिला* तर सहलेखक. मधली पायरी म्हणजे वाक्यावाक्याला पर्याय देणं. त्यासाठी सूचनेत नाव आणि काम दोन्ही लिहा: 'चौथ्या प्रकरणातली भांडणाची फेरमांडणी त्यांची.' गोड बोलून राहिलेलं श्रेय पुढे पुस्तक निघताना कडू होतं, म्हणून काम सुरू करतानाच ठरवा.

एओथ्रीवर सहलेखक जोडण्याआधी एक समजून घ्या. आमंत्रण स्वीकारलं की त्या व्यक्तीला कथेवर तुमच्याइतकाच ताबा मिळतो, मजकूर बदलण्यापासून कथा पुसण्यापर्यंत. नुसत्या आभारासाठी तो रकाना वापरू नका.

उपकथा

आणि एआयनं लिहून घेतलेलं? टॅग लावावा का?

तळटीप

लावावा. अमेरिकी न्यायालयांनी २०२३ मध्ये आणि अपिलात २०२५ मध्ये धरलंय की कॉपीराइटसाठी लेखक माणूसच लागतो. तिथं अर्जदारानं यंत्रालाच एकमेव लेखक म्हणून पुढे केलं होतं. माणसानं निवडून, बदलून घेतलेल्या भागाचा विचार वेगळा होतो. त्यामुळे मसुद्याच्या आवृत्त्या तारखेनिशी जपून ठेवा. कुठलं वाक्य तुमच्या हातचं ते दाखवायची वेळ आली तर दुसरं काही हाताशी नसतं.

निळी शाई

शेवटची एक व्यवहारातली गोष्ट. कथेतून अंग काढून घ्यायचं पण वाचकांसाठी ती ठेवायची असेल तर एओथ्रीवर तिला 'ऑर्फन' करता येतं, म्हणजे तुमचं नाव निघतं आणि कथा राहते. हे उलटवता येत नाही. ऑर्फन केलेली कथा पुन्हा तुमच्या नावावर येत नाही आणि तुम्हाला ती पुसताही येत नाही. पुढे कधी पुस्तक काढायचा विचार मनात असेल तर हे बटण दाबू नका. त्याऐवजी अनामिक संग्रहात टाका, तिथून नाव परत लावता येतं.